फुकट आलेल्या प्रतीवर परीक्षण लिहावं का?

वर्गातलीताई, अमळनेर
जरा लांबलचक होणारे पण बोलायचंच आहे. जूनमध्ये आमच्या शाळेच्या वाचनपेटीसाठी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून आठ नवी बालपुस्तकं मागवली, सगळी मोबाईलवर वाचलेल्या परीक्षणांच्या भरवशावर. त्यातली पाच मुलांनी दोन दिवसांत परत आणून ठेवली. तिसरीतला एक पोरगा म्हणे, "मॅडम, माले समजनं नही." मी पुस्तक घेऊन बसले तर त्याचं काय चुकलं सांगा, अक्षर मुंगीएवढं, पानावर पंचवीस ओळी, 'निसर्गसान्निध्य' अन् 'कुतूहलमिश्रित' असले शब्द, चित्रं काळपट छापलेली. आणि परीक्षणात काय होतं? संस्कारक्षम, प्रत्येक घरात असावं असं, मुलांच्या भावविश्वाला स्पर्श करणारं. कितवीच्या मुलासाठी आहे, मूल स्वतः वाचेल की आपण वाचून दाखवायचं, याबद्दल एक ओळ नाही. नंतर कळलं की लिहिणाऱ्या तिघांनाही प्रत भेट आलेली होती. माझं स्पष्ट मत आहे, पुस्तक विकत घ्या नाहीतर वाचनालयातून आणा, मगच लिहा. फुकट प्रत हातात आली की वाईट लिहायला हात धजत नाही.

पांझराकाठ, धुळे
ताई, तुमचा राग समजतो पण उपाय पटत नाही. माझा कवितासंग्रह गेल्या वर्षी आला, ५०० प्रती, छपाईचा अर्धा खर्च मी भरला. पुण्या-मुंबईच्या दुकानात तो पोचतच नाही अन् धुळ्यात फक्त कवितेची पुस्तकं ठेवणारं दुकान चालेल का? मी चाळीस प्रती पोस्टाने वाटल्या, त्यातल्या सहा जणांनी लिहिलं, त्यावरूनच जी काही मागणी आली ती आली. भेट प्रत बंद केली तर मोठ्या प्रकाशकाला काही फरक पडत नाही, जाहिरात करायला त्याच्याकडे पैसा आहे. मरतो तो आमच्यासारखा. अन् बहिणाबाईंचंच बघा, १९५१ ला त्या गेल्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी ती हस्तलिखितं अत्र्यांना दाखवली म्हणून १९५२ ला गाणी छापून आली. अत्र्यांनी काय ते विकत घेऊन वाचलं होतं? आसोद्याची माउली महाराष्ट्राला कळली ती कुणीतरी वही पुढे केली म्हणून.

वर्गातलीताई, अमळनेर
भाऊ, अत्र्यांनी वाचून लिहिलं हो! मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून नाही काढला. फरक तिथे आहे.

पांझराकाठ, धुळे
मग भांडण न वाचणाऱ्याशी आहे ना, भेट प्रतीशी कशाला?

ग्रंथपाल, चोपडा तालुका
मी वाचनालयाच्या टेबलाच्या या बाजूने सांगतो. आमचं सरकारी वर्गवारीत 'क' वर्गाचं, म्हणजे लहान वाचनालय. अनुदान हप्त्याने येतं आणि पुस्तकखरेदीचा हिशेब मार्चच्या आत बसवायचा असतो, त्यामुळे वर्षभर नवीन काय आलं हे बघायला वेळ कुणाला. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य यादी असते, विक्रेत्याची यादी असते, जो कमिशन जास्त देतो त्याच्याकडून गठ्ठा येतो. त्या गठ्ठ्यात काय आहे हे मला तो फोडल्यावर कळतं. खरं सांगायचं तर मला परीक्षण हवंच आहे, पण पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायला उपयोगी पडेल असं. पानं किती, बांधणी पिनांची का शिवलेली, पहिल्या दहा वाचकांच्या हातात टिकेल का, आमच्या गावातल्या बाईने दुपारी दोन तास बसून वाचावी अशी कादंबरी आहे का. ते कुणी लिहित नाही. भेट प्रत का विकतची, मला दोन्ही चालतं, फक्त पहिल्या ओळीत सांगून टाका की प्रत कुठून आली. बाकी वाचक हुशार असतो.

तीनलेकरंभुसावळ
मला ताईंचं मुलांबद्दलचं अगदी पटलं पण एक वेगळीच गोष्ट सांगते. पुस्तकाचं परीक्षण मोठ्यांनीच का लिहावं? माझ्या धाकट्याने (वय ७) एका पुस्तकाला 'हत्ती लवकर येत नाही' एवढंच म्हटलं होतं आणि खरंच हत्ती सोळाव्या पानावर येतो. मला वाचताना ते लक्षातही आलं नव्हतं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर पातळी १ ते ४ छापलेली असते, शब्द किती अवघड ते त्यावरून लगेच समजतं, ती एक सोय सगळ्या मराठी प्रकाशकांनी केली तरी अर्धं काम होईल. अन् स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंकही ऑनलाइन आहेत, आधी ते वाचून दाखवून मुलाची आवड कळली की नवीन पुस्तक घेताना फसगत कमी होते.

दीपनगरकर
मुलांवर सोडू नका. मुलाला चटपटीत काहीही आवडतं, म्हणून काय रोज कुरकुरे देणार? परीक्षकाचं काम आवडीच्या पुढचं असतं. भाषा, चित्राचा दर्जा, गोष्टीत मुलाला उपदेश झोडपलाय का, हे सात वर्षाचा कसं सांगणार.

तीनलेकरंभुसावळ
कुरकुरे कोण म्हणतंय दादा, मी म्हणते मुलाचं ऐकून मग मोठ्याने लिहावं. दोन्ही हवं.

वर्गातलीताई, अमळनेर
हेच. आणि माझ्या वर्गातलं सांगते, घरी अहिराणी बोलणारी लेकरं आहेत, त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच अर्धी परकी भाषा. नवीन पुस्तकात ती कुठे अडतात हे पुण्यात बसून कळणार नाही. त्यासाठी इथलाच कुणीतरी वाचून लिहिणारा पाहिजे. २०२४ ला आपल्या अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, ग्रंथप्रदर्शनात मी तीन दिवस फिरले, अहिराणीतलं मुलांचं चित्रपुस्तक शोधायला. मोठ्यांसाठी कविता, म्हणी, ओव्या सापडल्या. लहानांसाठी रंगीत म्हणावं असं माझ्या हाती काही लागलं नाही.

पांझराकाठ, धुळे
बरं ताई, भेट प्रत घेऊ नका या तुमच्या नियमावर मी अजून ठाम विरोधात आहे. लेखकाला पाय नसतात, प्रतीच पाय होतात. पण तुम्ही जे म्हणता की कितवीसाठी, किती अक्षरं, मोठ्याने वाचलं की कसं वाटतं हे लिहा, ते मात्र मी माझ्या पुढच्या बालकवितांना लावून बघणार आहे. छापायच्या आधी. तुमच्या तिसरीला वाचून दाखवाल का, पानं पाठवू? छापील नाहीत, झेरॉक्स आहेत, म्हणजे भेट प्रतही नाही.

वर्गातलीताई, अमळनेर
पाठवा. पण पोरांनी नाही म्हटलं तर नाही म्हणूनच कळवीन.

ग्रंथपाल, चोपडा तालुका
एक संच इकडेही. शनिवारी बारा-पंधरा लेकरं येतात वाचनालयात, वरच्या खोलीत.