पाचवा महिना, न्यू जर्सी: वजनाचा तक्ता कोणता धरायचा?

कऱ्हाडकरीण (एडिसन)
नमस्कार मंडळी. मला विसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. उंची 157 सेंटिमीटर, दिवस राहिले तेव्हा वजन 60 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) 24.3. इथल्या डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यात मी नॉर्मल, 25 ते 35 पौंड वाढलं तरी हरकत नाही. मावशीच्या ओळखीच्या पुण्यातल्या डॉक्टर मात्र फोनवर म्हणाल्या, "आपल्या बायकांचा बीएमआय 23 च्या पुढे गेला की वजन जास्तच धरायचं. तू 15 ते 25 पौंडांत राहा." आत्ताच 11 पौंड वाढलंय.

वडिलांना मधुमेह आहे आणि मी भारतीय, म्हणून माझी साखर नावनोंदणीलाच तपासली. माझ्या टीममधली आयरिश वंशाची मैत्रीणही पाचव्या महिन्यात आहे, अंगानं माझ्याहून भरलेली. तिला यातलं कुणी काही विचारलं नाही. हार्मोन्स सगळ्या बायकांचे सारखेच ना? मग हा फरक कुठून आला? इकडे सासूबाई शिऱ्याची वाटी पुढे करून म्हणतात, "खा गं, दोन जिवांची आहेस." रात्री झोप लागत नाही या विचारानं.

वंदनाकाकू (पुणे, निवृत्त परिचारिका)
अगं, आधी शांत हो. हार्मोन्स तीच असतात. वार (प्लॅसेंटा) वाढते तसं तिच्यातून प्लॅसेंटल लॅक्टोजेन नावाचं हार्मोन जास्त सुटतं, जोडीला प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल. त्यांच्यामुळे आईच्या अंगात इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि बाळाला साखर पुरते. आईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून भरपाई करतं. आपल्यातल्या बऱ्याच जणींचं इन्सुलिन दिवस राहण्याआधीच नीट लागू पडत नसतं, कारण अंगकाठी बारीक असली तरी स्नायू कमी आणि पोटावर चरबी जास्त.

आमच्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के! याज्ञिकांच्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या अभ्यासात पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळंही तशीच निघाली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. म्हणून तुझी साखर लवकर बघितली ते योग्यच झालं. मैत्रिणीशी तुलना सोड.

डाएटवाली (ह्यूस्टन)
काकूंशी सहमत, पण तक्त्याबद्दल थोडं. तुझ्या डॉक्टरीणबाईंचा तक्ता अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा, 2009 चा. तो सगळ्या वंशांना एकच आहे. त्याआधीच्या 1990 च्या शिफारशीत कृष्णवर्णीय बायकांनी वरच्या टोकाकडे, तर 157 सेंटिमीटरहून बुटक्या बायकांनी खालच्या टोकाकडे राहावं असं होतं. 2009 मध्ये दोन्ही काढलं. 23 चा आकडा येतो तो मधुमेह आणि हृदयरोगाच्या धोक्यावरून, गरोदरपणात किती वाढावं यावरून नव्हे. म्हणून दोघी डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. 25 पौंड दोन्हींत बसतात, तेवढं धरू का असं डॉक्टरीणबाईंनाच विचार. उपाशी मात्र राहू नकोस. बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं रक्त, हे सगळं त्या वजनात आलं.

कऱ्हाडकरीण (एडिसन)
आठ आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी 25 मान्य केलं. 24 व्या आठवड्यात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या तपासणीसाठी ते 50 ग्रॅम ग्लुकोजचं नारिंगी पाणी प्यायले. तासाभरानं साखर 148 आली, त्यांची मर्यादा 140. मग तीन तासांची, 100 ग्रॅमची तपासणी. सासूबाई पूर्ण वेळ माझ्या शेजारी बसून होत्या. दर तासाला सुई टोचली की माझा हात त्यांच्या मांडीवर ओढून चोळायच्या. चारही आकडे मर्यादेत आले.

घरी येताना गाडीत त्यांनी स्वतःहून विचारलं, "शिऱ्याऐवजी काय करू?" आता सकाळी मटकीची उसळ आणि एक भाकरी असते, जेवणानंतर अर्धा तास आम्ही दोघी कॉलनीत चालतो. वजन 17 पौंड वाढलंय. काकू, ताई, तुमचे मनापासून आभार. डोहाळजेवण पुढच्या रविवारी आहे. शिरा त्या दिवशी होणार, एक वाटी.