खारबंदिस्ती फुटून शेतात कांदळवन आले, आता पुढे काय?

खाडीकाठ, अलिबाग तालुका: आमच्या खारशेतीचा बाहेरचा बांध उधाणात फुटला आणि वेळेत बांधला गेला नाही. खाऱ्या पाण्यामागोमाग कांदळवनाची झाडे, म्हणजे तिवरे, उगवली. सातबाऱ्यावर भात असलेली जमीन आता कांदळवन म्हणून संरक्षित ठरू पाहते. हवामान परिषदांत विकसनशील देशांच्या भरपाईची चर्चा होते, तिचा आम्हांला काही उपयोग आहे काय?

उघाडी: थेट उपयोग नाही. ‘हानी व नुकसान’ निधीचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे झाला खरा, परंतु शेतकऱ्याने तिथे वैयक्तिक अर्ज करावा अशी ती योजना नाही. शिवाय सगळा दोष समुद्राचाही नाही. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपू लागते, उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडण्याच्या दाराची, झडप कुजली की भरती अडत नाही, आणि मग अमावास्येच्या एका उधाणात हातभर भगदाडाची मोठी खांड होते. पूर्वी गावकी उन्हाळ्यात बांधावर चिखल चढवीत असे. १९७९ च्या खारजमीन कायद्यानंतर ते काम सरकारचे मानले गेले आणि गावाने हात काढून घेतला, असे माझे मत आहे.

दर्याकिनारा: गावकीवर खापर फोडणे सोपे आहे. बांगलादेशात १९६० च्या दशकापासून परदेशी मदतीने किनाऱ्यावर मैलोन्‌मैल बांध उभे राहिले. २००९ च्या ‘आयला’ वादळात ते अनेक ठिकाणी फुटले आणि काही गावांच्या शेतांत बराच काळ भरतीचे पाणी ये-जा करीत राहिले. गरीब देशांत नव्या बांधाला कर्ज मिळते, दरवर्षीच्या डागडुजीला मात्र कोणी पैसा देत नाही. तरीही तिवरांवर कोयता चालवू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आहे, त्यामुळे गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. पीकपाहणीच्या जुन्या नोंदी आणि बांध फुटण्यापूर्वीची उपग्रह छायाचित्रे जोडून बांध दुरुस्ती व नुकसानभरपाईची मागणी लेखी करा.

खाडीकाठ, अलिबाग तालुका: नोंदी काढतो. ज्या तुकड्यात अजून तिवर नाही, तिथे यंदा भाताचे ‘पनवेल ३’ वाण लावावे काय?

उघाडी: आधी खांड बुजवावी लागेल. हे वाण जमिनीतील क्षार बऱ्यापैकी सोसते, परंतु रोज दोनदा भरती आत आली तर रोप तग धरणार नाही. बांध झाल्यावर सुरुवातीच्या पावसाचे पाणी शेतात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडत राहा, म्हणजे मीठ धुपेल, लावणी त्यानंतरच.