व्हेंट बघितलात का?
तुमच्या बोटीचं इंजिन आचके देतंय, त्याचं खापर वरच्या उत्तरांत बहुतेकांनी पंपावरच्या पेट्रोलवर फोडलंय. मला नाही पटत. सरळ चालवताना बोट ठणठणीत आणि बोट डावीकडे झुकवून तिच्या मागच्या लाटेवर सर्फ केलं की अर्ध्या तासात आचके, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग आधी टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जायची-यायची वाट, कुठल्या बाजूला आहे ते बघा.

ऑस्टिनला लेक ट्रॅव्हिसवर आमच्या जुन्या बोटीचं हेच झालं होतं. व्हेंटचं तोंड डाव्या कुशीवर. त्या बाजूची बॅलास्टची पिशवी (वजनासाठी पाणी भरतात ती) भरली आणि भाचरंही तिकडेच जाऊन बसली, की तोंड थेट पाण्यात! फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवलं, तर तळाशी बोटभर पाणी, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.

इकडे अमेरिकेत बहुतेक पेट्रोलात १० टक्के इथेनॉल असतं. ते साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि इंजिन ओढतं तळातूनच. मग पेट्रोलात टाकायचं बाटलीतलं औषध ओतून काही होत नाही, टाकी तळापासून उपसावी लागते.

आम्ही व्हेंटची नळी आतून डेकपर्यंत उंच नेऊन वळण देऊन खाली आणली, शिवाय १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. पेट्रोल भरायच्या झाकणाची ओ-रिंगही (रबरी कडी) बदला, दोन-चार डॉलरचं काम. फक्त व्हेंटला बूच मारू नका. एकाने मारलं होतं. टाकीत हवा जाईना आणि बोट भर तळ्यात बंद.

आणि हो, हे सगळं केल्यावर इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा, लावा.