बिडी सुटली, खर्रा लागला

भाऊ, तुम्ही म्हणता कामावर बिडी बंद केली का सवय आपोआप सुटते, ते अर्धंच खरं आहे. मी यवतमाळकडे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सात सीझन काढले, तिथं कापसाले आग लागन म्हणून गेटवरच माचिस काढून घेत, आन् सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान तर 2 ऑक्टोबर 2008 पासूनच बंद आहे, 200 रुपयांपर्यंत दंड. बिडी खरंच कमी झाली, आमचा फिटर दिवसाले कट्टा, म्हणजे बिडीचं अख्खं बंडल, ओढायचा तो चार बिड्यांवर आला, रातचा खोकलाही कमी झाला त्याचा. पण बाकीच्यायनं काय केलं, खर्रा धरला! धूर नाही, माचिस नाही, प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटला का दिवसभर गालात, मुकादमाले दिसतही नाही. माझा चुलतभाऊ त्यातलाच, आता तोंडात दोन बोटं जात नाहीत त्याच्या, भाकर दुधात कुस्करून खाते, डॉक्टर म्हणे आतली कातडी कडक झाली, पुढं कॅन्सरची भीती आहे. गेटवर माचिस तपासता तशी पन्नीही तपासा नं बाप्पा, आन् तंबाखू सोडायचा सरकारी फुकट नंबर आहे, 1800-11-2356, तो हजेरीच्या खिडकीजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.