मदत हवी आहे: व्हॅटसिमवर कनेक्ट होतो, पण मुंबई ग्राउंड उत्तरच देत नाही

ढगवाला
मंडळी, जरा घाई आहे. व्हॅटसिमवर, म्हणजे जिथे खरी माणसं एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) बनून सिम्युलेटरमधल्या विमानांशी बोलतात त्या नेटवर्कवर, उडायला सुरुवात करतोय. सगळं इन्स्टॉल केलं, कनेक्टही होतं, पण मुंबई ग्राउंडला (विमानतळाच्या जमिनीवरची हालचाल सांभाळणाऱ्याला) कितीही हाका मारा, चिटपाखरूही बोलत नाही. फ्लाइट प्लॅन टाकलाय, एफएल २४० (२४,००० फुटांची लेव्हल). आज रात्री मुंबई ते गोव्याचं मोपा करायचंय. काय चुकतंय?

रनवे२७
सिम कोणता? क्लायंट (नेटवर्कला जोडणारा प्रोग्रॅम) कोणता? ग्राउंडची फ्रिक्वेन्सी कुठून घेतली? आणि हाका मारताना उभे कुठे असता, स्टँडवर की रनवेवर? एवढं सांगितल्याशिवाय अंधारात तीर मारायला सांगताय.

विंडसॉक_काका
त्यापेक्षा आयव्हीएओ या दुसऱ्या नेटवर्कवर या. तिथे आल्टिट्यूड नावाचा एकच क्लायंट, सिम कुठलाही असो. इकडे मायक्रोसॉफ्टच्या एमएसएफएस सिमला व्हीपायलट, एक्स-प्लेनला एक्सपायलट, हवाच कशाला तो गोंधळ?

रनवे२७
काका, प्रश्न तो नाही.

ढगवाला
एमएसएफएस २०२०, ए३२०, व्हीपायलट. फ्रिक्वेन्सी विमानतळाच्या चार्टवर छापलेली आहे तीच. स्टँडवरच आहे, सगळं बंद, अजून बॅटरीही लावलेली नाही. लवकर सांगा राव.

रनवे२७
दोन्ही उत्तरं इथेच आली.

एक, बॅटरी. विमानाला वीज नाही तर रेडिओही नाही. व्हीपायलट सिममधल्या रेडिओवरच चालतो. बॅटरी किंवा ग्राउंड पॉवर लावा, कॉम १ वर फ्रिक्वेन्सी ट्यून करा, मग टीएक्स (पाठवणं) आणि आरएक्स (ऐकणं) दोन्ही चालू दिसतात का बघा. टीएक्स विमानाच्या ऑडिओ पॅनलवरून दुसऱ्या रेडिओवर गेलं असेल तर तुम्ही भिंतीशी बोलताय.

दोन, चार्टवरची फ्रिक्वेन्सी खऱ्या मुंबईची. व्हॅटसिमवर पलीकडे माणूस लॉगिन असेल तरच उत्तर मिळणार. व्हीपायलटच्या डावीकडच्या यादीत कोण आहे? तिथली फ्रिक्वेन्सी घ्यायची, चार्टची नाही.

ढगवाला
यादीत एकच नाव आहे, व्हीएबीएफ_सीटीआर. ग्राउंड, टॉवर काहीच नाही. म्हणजे आज कोणीच नाही?

एटिस_ब्राव्हो
आहे की! व्हीएबीएफ म्हणजे मुंबई एफआयआर, मुंबईकडून सांभाळलं जाणारं सगळं हवाई क्षेत्र. तो 'मुंबई कंट्रोल' खालच्या रिकाम्या जागाही सांभाळतो: डिलिव्हरी नाही तर ग्राउंड, ग्राउंड नाही तर टॉवर, टॉवर नाही तर अप्रोच, तेही नाही तर सेंटर, म्हणजे हाच सीटीआर. क्लिअरन्स (उड्डाणाच्या मार्गाची परवानगी) त्याच्याकडेच मागायचा. त्याच्या नावावर क्लिक करून माहिती वाचा. एखादा विमानतळ सांभाळत नसेल तर बहुधा तिथे लिहितो. यादी पूर्ण रिकामी असेल तर १२२.८०० वर राहायचं आणि पुशबॅक, टॅक्सी, टेकऑफ स्वतः जाहीर करायचं.

आणि २४० बदला. मुंबईहून मोपा म्हणजे साधारण १६४ अंशांची दिशा, जेमतेम २१० नॉटिकल मैल. ० ते १७९ अंशांत विषम लेव्हल, म्हणजे २३० किंवा २५०. सम लेव्हल परतीच्या वाटेवर.

जुना_जॉयस्टिक
मोपाच का? एफएसएक्स या जुन्या सिममध्ये मोपा नाहीच, व्यावसायिक उड्डाणं २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली. गोव्याचंच दाबोळी (कोड व्हीओजीओ) टाका. नौदलाचा तळ, समोर समुद्र, अप्रोच बघण्यासारखा.

रनवे२७
त्याच्याकडे एमएसएफएस आहे हो.

सेंटर_चेअर
कंट्रोलर व्हायचं असेल तर युरोस्कोप हा रडारचा प्रोग्रॅम उतरवून घ्या. आधी ऑब्झर्व्हर, मग एकेक दर्जा: एस१ ला डिलिव्हरी-ग्राउंड, एस२ ला टॉवर, एस३ ला अप्रोच, सी१ ला सेंटर. प्रत्येक पायरीला प्रशिक्षण आणि परीक्षा.

ढगवाला
विचारलं नव्हतं, पण बरं. बॅटरी लावली, टीएक्स आला. पण बोलायची कळ दाबली की काहीच होत नाही. सेटिंग्जमध्ये माइकची पट्टी मात्र हलतेय.

एटिस_ब्राव्हो
पट्टी हलते म्हणजे माइक ठीक. सिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवताय का? तसं असेल तर सिमची खिडकी पुढे असताना व्हीपायलटपर्यंत कळ पोहोचत नाही. दोन्ही सारख्याच पद्धतीने चालवा. आणि ती कळ सिममध्ये दुसऱ्या कशाला लावलेली नाही ना, तेही बघा.

पितळी_प्रोपेलर
पहिल्या उड्डाणाला आवाजाच्या फंदात पडूच नये. प्लॅनमध्ये फक्त मजकूर असं कळवा, उत्तरं टाइप करा. कंट्रोलरला चालतं.

रनवे२७
साफ असहमत. टॅक्सी करत टाइप करणारा हमखास गवतात जातो. 'न्यू' (नवखा) एवढं प्लॅनच्या शेऱ्यात लिहा, कंट्रोलर सावकाश बोलतो.

पितळी_प्रोपेलर
टॅक्सी थांबवून टाइप करा. पार्किंग ब्रेक कशाला दिलाय?

एटिस_ब्राव्हो
भांडण बाजूला. ढगवाला, बोलायचं ते लिहूनच घ्या: "मुंबई कंट्रोल, आयफ्लाय फाइव्ह टू थ्री, ए थ्री ट्वेंटी, स्टँड अमुक, रिक्वेस्ट आयएफआर क्लिअरन्स टू मोपा." (आयएफआर म्हणजे उपकरणांच्या नियमांनी उड्डाण.) कॉलसाइन आयजीओ असेल तरी बोलताना 'आयफ्लाय', इंडिगो नाही. उत्तरात गंतव्य, एसआयडी (विमानतळाबाहेर पडायचा ठरलेला मार्ग), सुरुवातीची उंची, स्क्वॉक (ट्रान्सपाँडरमध्ये टाकायचा कोड) येईल. कागदावर उतरवा आणि जसंच्या तसं परत वाचा. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. अंदाजाने वाचू नका. ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) मोड सी वर नसेल तर रडारवर उंची दिसणार नाही.

सिमची स्वतःची एटीसी, एआय ट्रॅफिक आणि मल्टिप्लेअर बंद ठेवा, नाहीतर एकाच स्टँडवर दोन विमानं दिसतील. आणि मध्येच जेवायला उठायचं असेल तर डिस्कनेक्ट करा.

ढगवाला
ॲडमिनिस्ट्रेटरचाच घोळ होता. टीएक्स लुकलुकतोय, मुंबई कंट्रोल म्हणाला 'स्टँडबाय'. आता परत हाक मारू का?

रनवे२७
नाही! स्टँडबाय म्हणजे गप्प बसा, तो बोलावेल. तोवर प्लॅनमधलं २४० बदला.