कर-तारखांचं कॅलेंडर: 'कामाचे तीन दिवस आधी' आठवण करून देणारं काही आहे का?

खतावणी

नमस्कार मंडळी,

सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. सर, मी आणि एक शिकाऊ मुलगा. तिघांचे तीन कॉम्प्युटर, विंडोज. कॅलेंडर एकच, तिघांना दिसतं, फोनवरही दिसतं. नाव सांगत नाही, कारण आजवर जेवढी उघडून बघितली त्या सगळ्यांत रड सारखीच आहे.

ठरलेल्या तारखा त्यात टाकून झाल्या: टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायची ७, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणाची ११, पीएफ-ईएसआयसीची १५, थ्रीबी म्हणजे जीएसटीआर-३बी या विवरणाची २०, तिमाही विवरणवाल्यांची २२. 'दर महिन्याला' केलं की झालं. गाडी अडते ती पुढे.

१५ जून २०२६ घ्या. ॲडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता, वार सोमवार. मी आठवण लावली 'एक दिवस आधी', तर ती वाजणार रविवारी. 'दोन दिवस आधी' केली तर १३ तारीख, म्हणजे दुसरा शनिवार, बँक बंद. त्याच वर्षीचा १५ मार्च तर स्वतःच रविवार, आणि १४ ला पुन्हा दुसरा शनिवार. प्रत्येक तारखेची आठवण हाताने बघून लावायची, तर कॅलेंडर कशाला ठेवलंय? मला 'कामाचे तीन दिवस आधी' असं लिहायची सोय हवी आहे. कुठेच सापडत नाही.

मार्चच्या टीडीएसची वेगळी कथा. तो ७ एप्रिलला नसतो, ३० एप्रिलला असतो. मग ती एक नोंद उचलून ३० वर ठेवते. पुढे कधी शीर्षकात किंवा रंगात बदल केला की कॅलेंडर विचारतं, 'फक्त ही की सगळ्या?' सगळ्या म्हटलं की ३० एप्रिल परत ७ वर.

आणि मुदतवाढ! गेल्या दिवाळीत थ्रीबी २० ऑक्टोबरची २५ झाली. नोंद सरकवली की मूळ तारीख गायब. पुढे कोणी विचारलं की मूळ मुदत कधीची होती, तर कॅलेंडरला काही आठवत नाही.

तर प्रश्न दोन. हे करणारं काही फुकट किंवा बेताच्या किमतीतलं आहे का? आणि नसेल तर कॅलेंडर बनवणारी मंडळी सूचना कुठे घेतात, आणि ती कशा शब्दांत लिहावी म्हणजे वाचली जाईल?

पाटीपेन्सिल

ताई, एक बाळबोध शंका. हल्ली भरणा ऑनलाइन. रविवारीही होतो, रात्री अकरालाही होतो. मग बँक बंद असण्याचं एवढं काय?

खतावणी

@पाटीपेन्सिल, ज्यांचं नेटबँकिंग आहे त्यांचा होतो. आमच्या निम्म्या पार्ट्या सहकारी बँकेतल्या. चेक, त्यावर दोन भागीदारांच्या सह्या, त्यातला एक भागीदार कायम तासगावात द्राक्षाच्या बागेत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सही मिळाली नाही तर सोमवार उजाडतो. आणि नेटबँकिंगवाल्यांचंही तसंच. रक्कम किती ते आम्ही कळवायचं, त्यांनी मंजूर करायचं, मग चलन. मालक रविवारी फोन घेत नाहीत.

भोसरीकर

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी मशीन चालू. कॅलेंडर मात्र रविवार करड्या रंगात दाखवणार आणि गुरुवारी कामाच्या आठवणी वाजवणार. थंडरबर्ड या मोझिलाच्या फुकट ईमेल प्रोग्रामच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे कामाचे दिवस स्वतः टिकमार्क करून ठरवता येतात, पण त्याचा उपयोग फक्त दिसण्यापुरता. आठवण लावताना ते वार कोणी विचारात घेत नाही. ताईंच्या मागणीला +१.

ठिपकेरेषा

कॅलेंडरच्या फाइलींशी कामानिमित्त रोजचा संबंध येतो, म्हणून थोडं पोटातलं सांगतो. लांबण लागेल.

सगळी मोठी कॅलेंडरं एकमेकांशी 'आयकॅलेंडर' नावाच्या मानकातून बोलतात. पहिलं १९९८ चं, सध्याचं आरएफसी ५५४५, सन २००९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). पुनरावृत्तीचे नियम त्यात आहेत आणि ते बरेच ताकदवान आहेत. 'दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार' हा एका ओळीत बसणारा नियम आहे. 'महिन्याचा शेवटचा सोमवार ते शुक्रवारमधला दिवस' हाही बसतो. 'महिन्याचा शेवटचा दिवस' म्हणायचं तर उणे एक लिहायचं. अडचण अशी की नोंद करायची खिडकी यातलं अर्धंही दाखवत नाही. दोन शनिवार एकदम निवडता येत नाहीत, म्हणून लोक दोन नोंदी करतात. ३१ तारखेला 'दर महिन्याला' लावलं की जून, सप्टेंबर वगैरे गाळले जातात. मानकात तसंच सांगितलंय, जी तारीख अस्तित्वात नाही ती सोडून द्या. थंडरबर्डच्या खिडकीत 'शेवटचा दिवस' असा वेगळा पर्याय आहे, तो वापरा.

सुट्टी मात्र मानकाला माहीतच नाही. वार कळतो, तारीख कळते, पण १ मे ला बँक बंद हे कळायला जागाच ठेवलेली नाही. 'या या तारखा वगळा' असं सांगता येतं, पण वगळलेली नोंद नाहीशी होते, अलीकडे सरकत नाही. २०१५ च्या आरएफसी ७५२९ मध्ये 'मागे सरकव, पुढे सरकव' आलंय. ते वाचून आनंद होतो आणि लगेच मावळतो, कारण ते फक्त अस्तित्वात नसलेल्या तारखांसाठी आहे, ३० फेब्रुवारीसारख्या.

आठवणीचं तसंच. 'तीन दिवस आधी' म्हणजे मानकात सरळ मोजलेला कालावधी. कामाचा दिवस हे एकक नाही. त्यामुळे एखाद्या कंपनीने ही सोय केली तरी ती तिच्यापुरती राहील, नोंद दुसऱ्या कॅलेंडरमध्ये गेली की नियम गळून पडेल. सूचना लिहिताना हे ध्यानात ठेवा. तुम्हाला वाटतं तेवढे हे कॅलेंडर बनवणारे आळशी नाहीत.

मार्चच्या टीडीएसपुरता उपाय लगेच करता येईल. अपवाद ठेवूच नका. मालिका एकच न करता दोन करा: एप्रिल सोडून बाकी अकरा महिन्यांची ७ तारीख, आणि वर्षातून एकदा ३० एप्रिल. मग रंग बदला नाहीतर नाव बदला, काही हलत नाही. नेहमीच्या खिडकीत 'एप्रिल सोडून' मिळणार नाही, त्यासाठी एकेका महिन्याच्या ७ तारखेची, अशा 'दर वर्षी' लावलेल्या अकरा नोंदी करायच्या. कंटाळवाणं आहे, पण एकदाच.

जुनाखातेदार

बँकेतून निवृत्त झालो आहे. वरची चर्चा वाचली. एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: कायद्याची तारीख कॅलेंडरला हलवू देऊ नका. ना अलीकडे, ना पलीकडे.

'सुट्टी आली तर पुढचा दिवस' हे काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चालत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १० आहे, ॲडव्हान्स टॅक्सला बँकेच्या सुट्टीची सवलत आहे. पण पोर्टल रविवारीही चालू असतं, तेव्हा जीएसटीत सवलत गृहीत धरून बसणं धोक्याचं. ते ठरवणं तुमच्या सरांचं काम. एखाद्या प्रोग्रामने ते परस्पर ठरवून १५ ची १६ करून दाखवली तर ऑफिसातला नवा मुलगा तीच खरी मानेल.

तेव्हा नोंदी दोन ठेवा. एक कायद्याची, ती जागची हलत नाही. दुसरी तुमच्या कामाची: रक्कम कळवणे, सही आणणे, चलन. ती पहिलीला बांधलेली, तिच्यापासून कामाचे इतके दिवस आधी. मागायची तर ही जोडी मागा.

तोवर शीट वापरा. एक्सेल, लिब्रेऑफिस, गूगल शीट्स, तिन्हीत 'वर्कडे डॉट इंटल' (WORKDAY.INTL) हे कामाचे दिवस मोजणारं फंक्शन आहे. त्याला चार गोष्टी द्यायच्या: मुदतीची तारीख, उणे तीन, साप्ताहिक सुट्टीचा आकडा आणि सुट्ट्यांची यादी. आकडा ११ दिला की फक्त रविवार सुट्टी धरतो. भोसरीकरांनी १५ द्यावा, तो गुरुवारचा. दुसरे-चौथे शनिवार सुट्ट्यांच्या यादीत टाका (बँकांना ते १ सप्टेंबर २०१५ पासून बंद आहेत). तुमचा १५ जून २०२६ घालून बघितला, उत्तर १० जून, बुधवार. रविवार आणि दुसरा शनिवार त्याने आपोआप ओलांडले.

आणि १ एप्रिल यादीत घालायला विसरू नका. ती सुट्टी फक्त बँकांना असते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पटकन नजरेत येत नाही.

खतावणी

काका, हे फारच कामाचं निघालं! दोन नोंदींचं डोक्यात आलंच नव्हतं. मी आपली सरकवासरकव मागत बसले होते.

माजघर

मी करवाली नाही, घरवाली आहे, पण दुखणं तेच. सासऱ्यांचं श्राद्ध, दोघा नणंदांचे तिथीने वाढदिवस, संकष्टी. दर वर्षी पंचांग समोर ठेवून कॅलेंडरमध्ये नव्याने तारखा भरायच्या. तिथीने रिपीट का करता येऊ नये? चिनी पंचांगाने येतं म्हणे.

ठिपकेरेषा

@माजघर, बरोबर ऐकलंत. मघाशी सांगितलेलं आरएफसी ७५२९ त्यासाठीच निघालं. चिनी किंवा ज्यूंच्या पंचांगाप्रमाणे पुनरावृत्ती लिहिता येते, अधिक महिनाही दाखवता येतो. पण तिथे दिवस मोजले जातात. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर, कधी १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. एखादी दोन सूर्योदय बघते, एखादीला एकही मिळत नाही. त्यात श्राद्धाला अपराह्णातली तिथी, संकष्टीला चंद्रोदयाची, आणि चंद्रोदय रत्नागिरीत आणि नागपुरात वीसेक मिनिटांच्या फरकाने. हा पुनरावृत्तीचा नियम राहत नाही, गणित करून काढलेली यादी होते. कॉम्प्युटरमध्ये 'भारतीय' नावाचं पंचांग दिसलं तर हुरळू नका. ते बहुधा १९५७ सालापासूनचं राष्ट्रीय शक पंचांग असतं, त्यात तिथी नाहीत. ॲपलने २०२५ मध्ये मराठी, गुजराती, तमिळ वगैरे पंचांगं प्रणालीत आणली आहेत, तेव्हा दार किलकिलं झालंय एवढं खरं.

माजघर

म्हणजे या वर्षी तरी भरणं चुकत नाही. अधिक ज्येष्ठात जन्मलेल्या नणंदेचा वाढदिवस कधी धरायचा हेही तुमच्या आरएफसीला विचारून ठेवा. :)

धुक्यातलेगाव

अवांतर, पण सुधारणांचं चाललंय म्हणून. नेदरलँड्समध्ये असतो. पुण्यात आईशी रविवारी तिच्या वेळेने रात्री आठला बोलायचं ठरलेलं आहे. नोंद इथल्या वेळेने केली तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं हलली की फोन तासाने इकडेतिकडे. नोंद करतानाच वेळेचा विभाग 'कोलकाता' निवडला की प्रश्न मिटतो. ही सोय जवळपास सगळीकडे आहे, फक्त तीन क्लिक आत दडवलेली असते. ती वर आणून ठेवा, एवढीच माझी सूचना.

पाटीपेन्सिल

सुट्ट्यांची यादी एकदा भरली की झालं असं समजू नका हं. २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरांत १६ सप्टेंबरची १८ केली, कारण १७ ला अनंत चतुर्दशी. बाकी राज्यात जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवलं होतं. म्हणजे यादी राज्याची असून भागत नाही, जिल्ह्याची लागते, आणि तीही ऐनवेळी बदलता येईल अशी.

जुनाखातेदार

अगदी खरं. म्हणून शीट बरी. यादीत एक तारीख बदलली की खालच्या सगळ्या तारखा नव्याने निघतात.

खतावणी

सूचनेचा मसुदा केलाय, बघा जमलाय का:

"मुदतीची नोंद आणि तयारीची नोंद एकमेकींना बांधता यावी. तयारीची नोंद मुदतीपासून 'कामाचे अमुक दिवस आधी' अशी ठरवता यावी. कामाचे वार आणि सुट्ट्यांची यादी वापरणाऱ्याने द्यावी, यादी बदलली की तयारीच्या नोंदी आपोआप हलाव्यात, मुदत हलू नये. मुदत हाताने बदलली तर जुनी तारीख नोंदीतच दिसत राहावी. उदाहरण: मुदत १५ जून २०२६, १३ आणि १४ सुट्टी, तीन दिवस आधी म्हणजे १० जून."

ठिपकेरेषा

उत्तम. उदाहरण ठेवा, ते वाचूनच त्यांना कळेल. एक ओळ वाढवा: नोंदी एकमेकींना बांधणं मानकात आहे. २०२२ च्या आरएफसी ९२५३ मध्ये 'हे संपल्यावर ते' अशी नाती आणि मधलं अंतर लिहायची सोय केलेली आहे. म्हणजे अर्धा पाया तयार आहे, उरतो फक्त कामाच्या दिवसांचा हिशेब. थंडरबर्डसाठी सूचना मोझिला कनेक्ट या मोझिलाच्या सूचनांच्या संकेतस्थळावर टाकायच्या, तिथे लोक मतं देतात. टाकलीत की इथे दुवा द्या, आम्ही सगळे जाऊन मत देऊ.

खतावणी

नक्की देते. एक शेवटचं. शीटमधल्या तारखा कॅलेंडरमध्ये हाताने नाही ना टाकायच्या?

ठिपकेरेषा

नाही. शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून साठवा, गूगल कॅलेंडर ती घेतं, पण कॉम्प्युटरवरून, फोनवरच्या ॲपमधून नाही. तारखा महिना-दिवस-वर्ष अशा क्रमाने ठेवा, नाहीतर ७ डिसेंबरचा १२ जुलै होतो. आणि आयात करण्याआधी 'कर-तारखा' नावाचं वेगळं कॅलेंडर उघडून त्यातच घ्या. सुट्टी बदलली आणि तीच फाइल पुन्हा घेतली तर नोंदी दुप्पट होतात. अशा वेळी ते अख्खं कॅलेंडर काढून टाकायचं आणि नव्याने आयात करायची. सरांच्या भेटीगाठी दुसऱ्या कॅलेंडरमध्ये असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही.