पश्चिमेच्या भिंतीवरची बुरशी: आधी व्यावसायिक साफसफाई की आधी ओलीचा शोध?

बावधनवासी

नमस्कार. बावधनमधील एका आठ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर आमची सदनिका आहे आणि ताबा मिळून तीन वर्षे झाली आहेत. पश्चिमेकडच्या शयनगृहात यंदा जुलैपासून भिंतीवर काळपट-हिरवे ठिपके दिसू लागले. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात झाली आणि आता ते कपाटामागे बऱ्याच भागात पसरले आहेत. कपाट पुढे ओढून पाहिले, तेव्हा प्लायची लॅमिनेट न लावलेली मागची बाजू पांढुरक्या बुरशीने भरलेली होती, आणि आतल्या रेशमी साड्यांना व चामड्याच्या पट्ट्यांना कुबट वास येत होता. मुलाला दमा असल्यामुळे त्याला सध्या दुसऱ्या खोलीत झोपवतो.

दोघांकडून दरपत्रके मागवली. पहिल्याचे म्हणणे असे, की बुरशीनाशक फवारून, खोलीत फॉगिंग करून (औषधाचा धूर सोडून) आणि वर बुरशीरोधक रंगाचे दोन हात देऊन काम एका दिवसात संपेल. दुसऱ्याने भिंतीला ओल मोजण्याचे यंत्र लावून ठिकठिकाणचे आकडे लिहून घेतले आणि पुट्टी खरवडावी लागेल, भिंत वाळेपर्यंत रंग देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याचा खर्च दुपटीहून अधिक आहे. जास्तीचे पैसे खरोखर कामाचे आहेत का, आणि पुढच्या पावसाळ्यात हेच पुन्हा होऊ नये यासाठी काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

साइटवरचा अभियंता

दुसऱ्या माणसाने यंत्र लावले, एवढ्यावरूनच मी त्याला पहिल्यापेक्षा वरचा समजेन. तरीही त्यालासुद्धा लगेच काम देऊ नये, कारण पाणी भिंतीत कोठून येते हे ठरल्याशिवाय केलेली साफसफाई, ती कितीही नेटकी असली तरी, पुढच्या जुलैपर्यंतच टिकते.

पुण्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा पाऊस तिरका असतो आणि तो पश्चिम व नैर्ऋत्य दिशांच्या भिंतींवर आदळतो. शहरात पूर्वेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो, त्यामुळे बावधन, पाषाण, वारजे या डोंगरालगतच्या भागांत ओलीच्या जेवढ्या तक्रारी येतात, तेवढ्या हडपसरकडे येत नाहीत. आपल्या खोलीची दिशा आणि जुलैत झालेली सुरुवात पाहता बाहेरच्या भिंतीवर किंवा खिडकीवर संशय घ्यायला जागा आहे. ओल बाराही महिने राहत असती, तर मी आधी भिंतीतल्या नळाकडे किंवा शेजारच्या न्हाणीघराकडे पाहिले असते. डाग छताकडून खाली उतरत असते, तर गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) किंवा वरच्या मजल्याची गळती तपासायला सांगितले असते. तुळईच्या खाली सरळ आडवी रेघ उमटली असेल, तर काँक्रीट आणि विटा किंवा ब्लॉक यांच्या सांध्याला भेग गेलेली असते. तळमजल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत चढणारी ओल हे वेगळेच प्रकरण आहे आणि ते चौथ्या मजल्याला लागू नाही.

एक साधी तपासणी घरी करता येईल. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. पोपडे सुटलेल्या जागी पट्टी धरत नाही, म्हणून शेजारची धड जागा निवडावी. भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येत आहे, आणि खोलीकडची बाजू ओली निघाली तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमत आहे, असे समजावे. एक तुकडा खिडकीखाली आणि एक कपाटामागे मध्यभागी लावल्यास अधिक कळेल.

खिडकी सरकती असेल तर आणखी एक गोष्ट करावी. खालच्या ट्रॅकमध्ये हळूहळू तांब्याभर पाणी ओतून ते कोठे जाते हे पाहावे. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात आणि ती धूळ, बांधकामाच्या वेळचे सिमेंट व कबुतरांची पिसे यांनी बुजलेली असतात. पाणी बाहेर पडताना दिसले नाही आणि ट्रॅकमध्येही उरले नाही, तर ते चौकटीच्या कोपऱ्यातून आपल्या भिंतीतच शिरले आहे. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार आहे का, हेही हाताने चाचपून पाहावे.

सहकारनगरची गृहिणी

आमच्याकडे मागच्या वर्षी गळक्या पाइपमुळे दिवाणखान्यातील भिंत आणि जिप्समचे फॉल्स सीलिंग बुरशीने खराब झाले होते आणि आम्ही व्यावसायिकांकडून काम करून घेतले, म्हणून नीट काम कसे दिसते ते लिहिते.

पाइप दुरुस्त झाल्याशिवाय त्यांनी कामाला हात लावला नाही. नंतर खोलीच्या दाराला प्लास्टिकचा पडदा लावून त्याच्या कडा टेपने बंद केल्या, एसीचे तोंड झाकले आणि खिडकीत एक पंखा असा बसवला की खोलीतली हवा बाहेरच जावी, घरात येऊ नये. खरवडण्यापूर्वी भिंतीवर पाण्याचा बारीक फवारा मारला, कारण कोरडी बुरशी घासली की तिचे बीजाणू घरभर उडतात. डाग जेथे संपतो तेथे न थांबता त्याच्या पुढे फूटभर पुट्टी काढली, आणि निघालेला सगळा भुगा खोलीतच दुहेरी पिशव्यांत बांधून मग बाहेर नेला. त्यानंतर हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीच्या) व्हॅक्युमने भिंत, जमीन आणि पंख्याची पातीसुद्धा साफ केली व भिंत साबणाच्या पाण्याने पुसली. बुरशीनाशक सर्वांत शेवटी आले. सीलिंगचे भिजलेले भाग वाचवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, कारण जिप्समच्या त्या बोर्डांवर कागद असतो आणि कागद हे बुरशीचे खाद्यच आहे.

फॉगिंगबद्दल मी त्यांना मुद्दाम विचारले होते. त्यांचे उत्तर मला पटले: धुराने बुरशी मेली असे धरले, तरी मेलेली बुरशी भिंतीवरच राहते आणि तिच्याही ॲलर्जीचा त्रास होतो. म्हणून ती मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे. दमेकरी मूल घरात असताना तर मी पहिल्या दरपत्रकाचा विचारही करणार नाही, आणि काम चालू असताना मुलाला आजोळी पाठवावे असे सुचवेन.

पौड रस्ता

एवढा खर्च कशाला करायचा? आम्ही ब्लीच आणि व्हिनेगर वापरून दर वर्षी भिंत घासतो आणि ती स्वच्छ होते.

साइटवरचा अभियंता

हे दोन्ही एकत्र वापरत असाल तर कृपया आजच थांबवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. ब्लीचचा आणखी एक दोष असा, की ते टाइल किंवा काचेवर चांगले काम करते, पण प्लास्टर व पुट्टीत त्यातले पाणी आत मुरते आणि रंग उडाल्यामुळे बुरशी गेल्यासारखी फक्त दिसते. दर वर्षी घासावे लागते यातच सर्व आले.

मात्र प्रत्येक डागासाठी व्यावसायिक बोलवावा असेही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ढोबळ निकष असा आहे, की साधारण १० चौरस फुटांपेक्षा कमी जागेवरची बुरशी घरच्या घरी काढता येते. एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून, साबणाच्या पाण्याने घासून भिंत पूर्ण वाळवली की पुरते. बावधनवासी यांच्याकडची बुरशी त्याहून जास्त जागेवर पसरलेली दिसते आणि घरात दमा आहे, म्हणून त्यांनी माणसे बोलावणेच योग्य.

माजी सचिव

खर्च कोणी करायचा, हा मुद्दा राहून गेला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे आणि बाहेरच्या सामाईक नळांमुळे होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. सदनिकेच्या आतल्या न्हाणीघरातून किंवा सिंकमधून होणारी गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. त्यामुळे बाहेरच्या भिंतीला भेग असेल, तर ती आपण स्वतःच्या पैशाने बुजवण्याआधी समितीला छायाचित्रांसह लेखी कळवावे व पोच घ्यावी.

दुसरे म्हणजे आपल्याला ताबा मिळून तीनच वर्षे झाली आहेत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांच्या आत विनामोबदला दूर करायचा असतो, आणि तसे न केल्यास भरपाई मागता येते. विकासकाचा माणूस बहुधा येईल, बाहेरून रंगाचा एक हात मारून जाईल आणि दुरुस्ती झाली असे म्हणेल. म्हणून पत्रात बुरशीचा नुसता उल्लेख न करता खिडकीची चौकट, पट्टीचा उतार, भेगेची जागा असा नेमका दोष लिहावा आणि यंत्राचे आकडे जोडावेत. जुने रंगकाम उखडण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, नाहीतर पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

बावधनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फॉइलचे दोन्ही तुकडे काढले. खिडकीखालच्या तुकड्याची भिंतीकडची बाजू चक्क ओली होती. ट्रॅकमध्ये ओतलेले पाणीही बाहेर न येता नाहीसे झाले. कपाटामागचा तुकडा मात्र दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला, आणि बुरशी तर तेथेच सर्वांत जास्त आहे. याचा अर्थ कसा लावावा? पावसाची उघडीप झाली की आम्ही खिडक्या उघडून ठेवतो, आणि कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळत घालतो.

साइटवरचा अभियंता

आपल्या भिंतीला दोन वेगळी दुखणी आहेत. खिडकीखाली पाणी आत शिरते. कपाटामागे पाणी शिरत नाही, परंतु बुरशीला थेंब लागत नाहीत. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली तरी तिला पुरते. बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे हवा हलत नाही, भिंत खोलीपेक्षा थंड असते आणि उघड्या प्लायचे लाकूड खायला आहेच. त्यात मशिनमधून पिळून निघालेल्या एका वेळच्या कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी उरलेले असते आणि ते सगळे त्या खोलीच्या हवेत जाते. कपडे ड्राय बाल्कनीत किंवा पंखा लावून वेगळ्या खोलीत वाळवावेत.

हवा खेळती ठेवा हा सल्ला योग्य असला तरी पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो अपुरा पडतो. बाहेर २४ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना ती हवा घरात येऊन २७ अंशांपर्यंत तापली, तरी तिची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. म्हणजे बुरशी रोखण्यासाठी खोलीत जी ६० टक्क्यांखालची आर्द्रता हवी, ती नुसत्या उघड्या खिडक्यांनी त्या दिवसांत मिळणे शक्यच नाही. त्यासाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारे यंत्र, लागतो, आणि तो चालू असताना खिडक्या बंद हव्यात, नाहीतर आपण बावधनची हवा वाळवत बसू. एसीचा ड्राय मोडही थोडाफार उपयोगी पडतो. स्वस्तातला आर्द्रतामापक आणून कपाटामागे ठेवावा, म्हणजे डीह्युमिडिफायर कधी लावायचा हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. कपाटात ठेवायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या बंद खणापुरत्या ठीक आहेत, खोलीसाठी त्यांचा उपयोग नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. ट्रॅकची छिद्रे आत्ताच मोकळी करावीत आणि पाऊस उघडला की चौकटीभोवती बाहेरून सिलिकॉन भरून घ्यावे. दुसऱ्या माणसाकडून पुट्टी खरवडण्याचे काम आत्ता करून घ्यावे, कारण मुलासाठी ती बुरशी घरात ठेवणे बरे नाही. पण नवी पुट्टी आणि रंग ओल मोजण्याच्या यंत्राचा आकडा कोरड्या भिंतीइतका खाली येईपर्यंत लावू देऊ नये, मग त्याला दिवाळी उलटली तरी चालेल. ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ थर देण्याचा आग्रह कोणी केल्यास मुळीच ऐकू नये, कारण आत अडकलेले पाणी शेजारच्या भागातून बाहेर पडते आणि रंगाला फुगे येतात. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती संस्थेकडून किंवा विकासकाकडून मार्च ते मे या काळात होईल असे पाहावे. कपाटाची पाठ खराब झाली असल्यास बदलून घ्यावी, नव्या प्लायला मागूनही लॅमिनेट लावून घ्यावे आणि ते भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे बसवावे.

खिडकीच्या पट्टीचा उतार आत आहे की बाहेर, हे आपण लिहिले नाही. तो आत असेल तर सिलिकॉन वर्षभरही टिकणार नाही आणि पट्टी काढून पुन्हा बसवावी लागेल, म्हणून विकासकाला पत्र पाठवण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.